कापसाचा भाव कोणी ठरवावा?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत समा, वडोदरा येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानाला एखाद्या नामवंत विद्वानाला पाचारण करावे अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून विश्वस्तांनी यंदा घरच्याच एका शाळामास्तराला उभे केले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी बी. ए., बी. एड. झालेला, इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस. चिटणीसांनी मला विषय दिला तो 'सरकारचे आर्थिक धोरण आणि मुक्त बाजार' हा. विषय इतका ऐसपैस की त्यात बोलणारा हरवावा आणि ऐकणाऱ्याने डुलकी काढावी. म्हणून त्यांच्या परवानगीने मी तो कापसापुरता आखडून घेतला आहे.

कापूसच का, असे कोणी विचारील. आपल्यापैकी काहींचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत वडोद्याला आले, काहींचे वडील कारखान्यांच्या मागे आले. परंतु खानदेशातून आणि वऱ्हाडातून आलेली घरेही या सभेत पुष्कळ आहेत. त्यांच्या चुलत्या-मामांच्या शेतात आजही कापूस उभा असतो. माझे घराणे तर पिंजाऱ्याचे. आजोबा गाद्या आणि रजया भरत, आणि चार एकर कोरडवाहू जमिनीत थोडा कापूस लावत. गाव खानदेशात, गुजरातच्या सीमेपासून फार लांब नव्हे. त्यामुळे सरकारने भाव ठरवावा की बाजाराने, हा वाद माझ्या कानांवर पुस्तकातून पडण्याआधी ओसरीवर पडला.

प्रथम भाव म्हणजे काय ते पाहू. आपण भावाकडे आपल्या खिशाच्या बाजूने पाहतो. चढला की व्यापारी लबाड, उतरला की देव पावला. पण भाव ही मुळात एक बातमी आहे. दूर कोठेतरी पीक बुडाले, कोठे गिरण्यांना माल कमी पडू लागला, हे खेड्यातल्या माणसाला कोणी पत्र लिहून कळवत नाही. त्याला ते भावातून कळते. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मुंबईच्या बाजारात भाव भडकला. भडोचच्या कानमात, खानदेशात आणि वऱ्हाडात लोकांनी ज्वारीची शिवारे मोडून कापूस पेरला. कोण्या मामलेदाराने हुकूम काढला नव्हता, कोण्या आयोगाने लक्ष्यांक दिला नव्हता. लँकेशायरच्या गिरणीची गरज बोदवड-अमळनेरच्या बांधापर्यंत पोचली ती केवळ एका आकड्याच्या रूपाने.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८६५ साली ते युद्ध संपले आणि भाव कोसळला. मुंबईत पेढ्या बुडाल्या. तेजीच्या दिवसांत शेतकऱ्याने जे कर्ज काढले ते मात्र भावाबरोबर उतरले नाही, आणि दहा वर्षांनी, १८७५ साली, पुणे जिल्ह्यातील सुप्याला लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या दंग्याला सारावाढ वगैरे इतरही कारणे होती, पण कापसाची ही घसरण त्यांतली एक होती. मुक्त बाजाराची तरफदारी करणारे पुष्कळ लोक पहिली गोष्ट सांगतात आणि दुसरी गिळतात. आपण तसे करू नये.

व्यापारी काही साधुसंत नाही. गावात येऊन कापूस मापणाऱ्याने काट्यात मारले, 'घट' म्हणून कापले, ओला आहे म्हणून भाव पाडला, या तक्रारी आजच्या नव्हेत. आणि शेतकऱ्याला पोळ्याला, लग्नाला, बियाण्याला पैसा लागतो नेमक्या त्या वेळी त्याला माल विकावा लागतो. हे सारे पाहूनच महाराष्ट्र सरकारने १९७१ साली कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक. ते पुसदचे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातले. कापूसवाल्याचे हाल त्यांना कोणी सांगायला नको होते. तेव्हा त्या योजनेच्या हेतूविषयी मी वावगा शब्द काढणार नाही. मधला माणूस काढून टाकावा, शेतकऱ्याला हंगामापूर्वीच हमीचा भाव सांगावा, गाठी विकून जास्त पैसे आले तर तेही त्यालाच वाटावेत, असा तो बेत होता. कागदावर त्यात खोट काढणे कठीण आहे.

खोट होती ती 'एकाधिकार' या शब्दात. राज्यात पिकलेला सारा कापूस एकाच खरेदीदाराला घातला पाहिजे. दुसऱ्याला विकणे गुन्हा, राज्याबाहेर नेणे गुन्हा. मग काय होऊ लागले पाहा. गिऱ्हाईक एकच उरले की त्याच्या शब्दाला वेगळेच वजन येते. प्रतवारी करणारा जी प्रत लिहील ती खरी, कारण 'तुला द्यायचा नाही, पलीकडच्याला देतो' असे म्हणायला पलीकडे कोणी नाही. केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागली की ती लागली. गडी रात्री गाडीखाली झोपायचे, बैलांना वैरण घरून न्यायची. चुकारा काही वर्षे हप्त्यांनी मिळे. त्यातून सोसायटीचे कर्ज आधी वळते होई, निधीसाठी कपात होई, आणि जे हाती येई त्याची वाट पाहता पाहता पुढची पेरणी येई. व्यापारी काट्यात मारायचा हे खरे, पण पैसे संध्याकाळी द्यायचा. गरिबाच्या घरी संध्याकाळच्या पैशाला केवढी किंमत असते, हे हिशेब मांडणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

सीमेवर तर रोजचा तमाशा होता. शेजारच्या राज्यात भाव चढला की महाराष्ट्राचा कापूस रातोरात तिकडे जाई. बाजार पडला आणि हमीभाव वर राहिला की तिकडचा कापूस गुपचूप इकडच्या केंद्रावर येई. म्हणजे तेजीत माल मिळायचा नाही आणि मंदीत परक्याचा माल महाग घ्यावा लागायचा. अशाने तोटा होणार नाही तर काय होणार? आमचे आजोबा एक गोष्ट रंगवून सांगत. नव्या गाद्या घेऊन ते एकदा गुजरातकडे निघाले होते. नाक्यावरच्या शिपायाने गादीत बोट खुपसले आणि 'हा कापूस कोणाचा?' म्हणून दरडावले. आजोबा म्हणाले, 'साहेब, झोपेल त्याचा.' गोष्टीत मीठमसाला किती, हे आजोबाच जाणोत. पण स्वतःच्या शेतातला माल स्वतः विकणाऱ्याला चोर ठरवणारा कायदा गावात कोणीही मनातून मानत नव्हते, हे मात्र खरे.

पुढे वर्षामागून वर्षे तोटा साचत गेला. तो कोणी भरला? ज्यांच्या नावाने योजना होती त्यांच्यासह सगळ्या करदात्यांनी. अखेर २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना परवानगी द्यावी लागली आणि तीस वर्षांचा एकाधिकार संपला.

याच काळात सीमेच्या अलीकडे, आपल्या गुजरातेत, काय चालले होते? इकडे असा एकाधिकार नव्हता. सुरत जिल्ह्यात कापूस विक्रीच्या सहकारी मंडळ्या एकाधिकाराच्या पन्नास वर्षे आधीपासून होत्या. पण त्यांत जायचे की व्यापाऱ्याकडे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मंडळीला शेतकरी टिकवायचा तर चांगला भाव आणि लवकर चुकारा देणे भाग होते. सहकार आणि मक्तेदारी यांत हा फरक आहे आणि तो लहान नाही. दुसरी गोष्ट बियाण्याची. १९७० साली सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी संकर-४ हे वाण दिले. व्यापारी लागवडीसाठी दिलेले कापसाचे जगातले ते पहिले संकरित वाण. ते महाराष्ट्रातही पसरले. आता हे काम कोणा व्यापाऱ्याने केले नाही. वर्षानुवर्षे परागीकरणाचे प्रयोग करायचे, त्यांतले नव्वद फसणार हे धरून चालायचे, ही सबुरी सरकारी पगारावरच्या शास्त्रज्ञाला शक्य झाली. सरकार म्हणजे केवळ अडथळा असे मानणाऱ्या मित्रांना मी नेहमी संकर-४ ची आठवण देतो.

तेव्हा सरकारने काहीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे असे की काही कामे सरकारची आहेत आणि भाव ठरवणे हे त्यांत बसत नाही. आपल्या वडोद्याला हे समजायला जड जाऊ नये. जुम्मादादांच्या आणि प्रो. माणिकरावांच्या आखाड्याचे हे शहर. आखाड्यात पंच असतो; तो डाव बेकायदा झाला तर थांबवतो, वेळ पाहतो, निकाल देतो. पण लंगोट कसून तोच मातीत उतरला, तर दुसऱ्या पैलवानाने दाद कोणाकडे मागायची? वऱ्हाडात कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. आपल्या देशातल्या अशा बाजारांत तो पहिला मानतात. माल उघड्यावर विकावा, वजन खरे असावे, हमाली-तोलाई किती ते ठरलेले असावे, एवढे पाहणे हे अशा बाजाराचे काम. भाव मात्र घेणाऱ्या-देणाऱ्यांनी ठरवायचा. हे पंचाचे काम झाले.

आमच्या धर्मपरंपरेतही याविषयी एक गोष्ट आहे, ती येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. मदिनेत महागाई झाली तेव्हा लोक पैगंबरसाहेबांकडे गेले आणि भाव बांधून द्या म्हणाले. त्यांनी नकार दिला. भाव चढवणारा-उतरवणारा परमेश्वर आहे आणि माझ्या हातून कोणाच्या मालावर अन्याय व्हावा अशी माझी इच्छा नाही, अशा आशयाचे ते बोलले, असे हदीसकार सांगतात. परंतु पुढे मुसलमानी राज्यांत बाजारात मुहतसिब नेमलेला असे. त्याचे काम माप-तराजू तपासण्याचे, भेसळ पकडण्याचे. भाव खुला आणि तराजूवर पहारा, हा भेद तेव्हाच्या लोकांना कळत होता.

याच्या उलट उदाहरण अलाउद्दीन खिलजीचे. मुलांना हा धडा फार आवडतो. दिल्लीत धान्यापासून कापडापर्यंत सगळ्याचे भाव त्याने बांधून दिले, हेर ठेवले, कमी माप देणाऱ्याच्या अंगाचे तितके मांस कापावे अशी शिक्षा ठेवली, असे बरनी लिहितो. दिल्लीत स्वस्ताई झाली आणि फौजेचे भागले. मात्र दुआबातल्या शेतकऱ्याकडून सारा धान्यात वसूल होत होता आणि उरलेले धान्य साठवायची त्याला मुभा नव्हती. १३१६ साली सुलतान वारला, आणि तो बंदोबस्त त्याच्यामागे टिकला नाही. 'सर, आता असा राजा का नाही?' असे वर्गात एखादा तरी विचारतोच. मी त्याला विचारतो, तुझे मामा काय पिकवतात? मामांचे नाव निघाले की मुलगा विचारात पडतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी देशातील नामांकित अर्थशास्त्रज्ञांचे मंडळ नेमले होते. त्यांपैकी एकट्या प्रा. बी. आर. शेणॉय यांनी भिन्नमताची टिपणी जोडली. ते तेव्हा अहमदाबादेस गुजरात विद्यापीठात होते, म्हणजे येथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. योजनेत बाराशे कोटींचा तुटीचा अर्थभरणा धरला होता; बचतीपेक्षा खर्च मोठा केलात तर महागाई येईल आणि नियंत्रणांवर नियंत्रणे लादावी लागतील, असे त्यांचे म्हणणे. दोन वर्षांत परकीय चलनाची टंचाई उभी राहिली. शेणॉयांचे सगळेच म्हणणे बरोबर होते असा दावा मला करता येणार नाही, तेवढा माझा अधिकार नाही. पण विसावर माणसे एका बाजूला असताना एकट्याने सही न करणे, याची किंमत त्यांना आयुष्यभर मोजावी लागली. दिल्लीने त्यांना दूरच ठेवले.

१९५९ साली राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. परमिट-लायसन्सचे राज्य हा शब्दप्रयोग त्यांच्यामुळेच रूढ झाला. तो पक्ष गुजरातेत जितका रुजला तितका फार थोड्या प्रांतांत रुजला. वल्लभ विद्यानगर वसवणारे भाईकाका त्याचे इकडचे पुढारी, आणि १९६७ च्या निवडणुकीत १६८ पैकी ६६ जागा त्याला मिळाल्या. १९७४ साली तो पक्ष विलीन झाला. मात्र त्याचे पुढारी बहुतेक जमीनदार, उद्योगपती, निवृत्त अधिकारी आणि संस्थानिक. कोरडवाहू शेतकऱ्याला तो आपला वाटला नाही यात नवल नाही.

तो दुवा जोडला शरद जोशींनी. साताऱ्याला १९३५ साली जन्मलेला हा माणूस स्वित्झर्लंडला जागतिक टपाल संघटनेत मोठ्या पगारावर होता. ते सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती केली. हिशेब मांडला तेव्हा त्यांच्या लक्षात आले की शेती नीट केली तरी तोटाच होतो, आणि तो आळशीपणामुळे होत नाही, धोरणामुळे होतो. शहराला कांदा स्वस्त हवा म्हणून निर्यात बंद. गिरणीला कापूस स्वस्त हवा म्हणून निर्यात बंद. भाव पडला की मात्र सरकारला उसंत नाही. चाकणचे कांदा आंदोलन, नाशिककडचे ऊस आंदोलन, १९८१ साली निपाणीचे तंबाखू आंदोलन, हे सगळे त्यातून उभे राहिले. 'भीक नको, घामाचे दाम हवे' ही घोषणा आपल्यापैकी काहींनी गावी ऐकली असेल. आरंभी त्यांची मागणी सरकारने रास्त भाव द्यावा अशी दिसे. पण जसजसे दिवस गेले तसतसे ते उघड सांगू लागले की सरकारने फक्त वाटेतून बाजूला व्हावे. १९९१ साली कारखानदारांचे परवाने गेले. आपल्या वडोद्यानेही त्याचा लाभ पाहिला. शेतकऱ्याच्या पायातली साखळी मात्र तशीच राहिली, हे त्यांचे शल्य होते. आणि ते खरे होते, कारण महाराष्ट्रात कापसाचा एकाधिकार त्यानंतरही दहा-अकरा वर्षे चालू राहिला.

२००१ साली हा सगळा वाद आपल्या दारात आला. त्या वर्षी गुजरातेत बोंडअळीने कापूस खाल्ला, आणि त्यात हजारो एकरांची शेते हिरवीगार उभी. ते नवभारत-१५१ हे वाण होते. तपासले तेव्हा त्यात अळीला मारणारे बीटी जनुक निघाले. त्याला सरकारची मान्यता नव्हती. दिल्लीच्या समितीने पीक उपटून जाळा असा हुकूम दिला. शेतकऱ्याने पैसे मोजून बियाणे घेतलेले, पीक डोळ्यांदेखत वाचलेले, आणि आता ते जाळायचे! शरद जोशी गुजरातच्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. राज्य सरकारलाही जाळपोळ करवेना. २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाला रीतसर मान्यता मिळाली, तीही जालन्याच्या कंपनीच्या वाणांना.

त्यानंतर देशाचे कापसाचे उत्पादन २००१-०२ साली जे १५८ लाख गाठी होते ते २०१३-१४ साली ३९८ लाख गाठींवर गेले. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला सरावली आणि उत्पादन पुन्हा उतरले. म्हणजे बीटी हा काही परीस नव्हता. विदर्भातल्या आत्महत्यांचे प्रकरण आपण जाणता. २००६ साली सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे साहाय्य जाहीर करावे लागले, एवढे ते गंभीर झाले होते. काही जण त्याचा दोष बियाण्याला देतात, काही मुक्त बाजाराला. मला तेथली कोरडी जमीन दिसते, सावकाराचे कर्ज दिसते, आणि तीस वर्षे ज्याला आपला माल कोठे विकावा हे शिकूच दिले नाही असा शेतकरी दिसतो. हे माझे मत आहे; ते तपासून घ्यावे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. भाव खुला ठेवा म्हणता, मग तो पडला तर शेतकऱ्याने काय करावे? माझ्याजवळ याचे सोपे उत्तर नाही. केंद्र सरकार दरवर्षी आधारभूत किंमत जाहीर करते. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होती. ज्याला त्या भावात द्यायचा त्याने द्यावा, न द्यायचा त्याने बाजारात जावे, एवढी मुभा असेल तोवर माझा त्याला विरोध नाही. पडत्या माणसाला आधार देणे आणि त्याला बांधून ठेवणे या दोन गोष्टी निरनिराळ्या. पण त्याच २०२५ साली ऑगस्टात कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढले गेले, नेमके वेचणीच्या हंगामात. गिरण्यांची अडचण खरी होती. अमेरिकेने आपल्या कापडावर जबर जकात बसवली होती. मुक्त बाजाराचा मी कैवार घेतो, तेव्हा बाहेरचा कापूस येऊ नये असे मला म्हणता येत नाही. मला एवढेच म्हणता येते की शेतकऱ्याने पेरणी केली एका नियमावर आणि वेचणी केली दुसऱ्यावर. ज्याला वर्षातून एकदाच पीक मिळते त्याच्याशी असा खेळ करू नये.

भगिनींना कांद्याची गोष्ट अधिक जवळची. २०२३ च्या ऑगस्टात निर्यातीवर चाळीस टक्के कर बसला, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली आणि शेवटचा कर गेला १ एप्रिल २०२५ रोजी. त्या काळात आपल्या भाजीबाजारात कांदा स्वस्त मिळाला आणि घराघरांत समाधान झाले. लासलगावला आणि आपल्याकडच्या महुव्याला काय झाले, ते त्या स्वस्ताईच्या पावतीवर छापलेले नव्हते. दहा रुपये आपले वाचले, ते कोणी तरी भरलेच. गरिबाला कांदा परवडत नसेल तर सरकारने त्या गरिबाला आपल्या तिजोरीतून मदत द्यावी. ती मदत नाशिकच्या दुसऱ्या गरिबाच्या खिशातून काढणे कोणत्या न्यायात बसते?

शेवटी माझ्या धंद्याविषयी थोडे. भाव सरकारने ठरवू नये असे म्हणणारा मी, शाळा मात्र सरकारची जबाबदारी मानतो. सयाजीराव महाराज हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचे पोर. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली साऱ्या राज्यात ते लागू केले. बाजाराच्या भरवशावर अमरेलीच्या रानातली मुलगी शाळेत गेली नसती. तेच महाराज १९१३ साली भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला पाठवतात, तेव्हा मदत कोणा इमारतीला दिलेली नव्हती, विद्यार्थ्याला दिलेली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गुजरातच्या २०१२ च्या शिक्षणहक्क नियमांतही असा एक विचार आहे: खासगी शाळेला मान्यता देताना खोल्या आणि सोयी यांना थोडे गुण, आणि मुले काय शिकली व किती पुढे गेली याला सत्तर टक्के. मैदानाची लांबीरुंदी मोजण्यापेक्षा हे बरे. त्याची अंमलबजावणी कशी होते यावर मात्र आम्हा शिक्षकांची लांबलचक चर्चा होऊ शकेल. ती येथे नको.

यावरून आपल्या ट्रस्टपुढे एक गोष्ट ठेवतो. आपण दरवर्षी जूनमध्ये मुलांना मदत देतो ती ठरलेल्या शाळांची फी परस्पर भरून आणि ठरलेल्या दुकानातून वह्या-पुस्तके घेऊन. हेतू चांगला आहे, पैसा भलतीकडे जाऊ नये एवढाच. पण त्यामुळे कोणत्या शाळेत घालावे हे मुलाच्या आईने ठरवायचे सोडून आपल्या यादीने ठरते. यंदापासून निदान दहा घरांपुरती ही रक्कम पालकांच्या खात्यात द्यावी, शाळा त्यांनी निवडावी, आणि वर्षअखेर आपण केवळ मुलाची हजेरी व प्रगतिपुस्तक पाहावे, असा ठराव मी वार्षिक सभेत मांडणार आहे. पैसे लग्नात नाहीतर मोबाइलमध्ये जातील, असे काही विश्वस्तांनी मला आताच सांगितले आहे. एखाद्या घरी तसे होईलही. ज्यांचा विरोध आहे त्यांनी सभेला अवश्य यावे आणि आपले आकडे घेऊन यावे. मी माझे आणतो.